‘लार्गो’मधील दुःख कोणाचे?

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील अत्यंत हृदयस्पर्शी रचनांची यादी कोणीही केली तरी तीत एक नाव बहुधा चुकत नाही. ते म्हणजे आन्तोनिन द्वोर्झाक या चेक संगीतकाराच्या नवव्या सिंफनीचा दुसरा भाग. संथ लयीमुळे तो ‘लार्गो’ याच नावाने ओळखला जातो. प्रारंभी पितळी वाद्यांचे काही गंभीर स्वरमेळ येतात. मग सबंध वाद्यवृंद जणू मागे सरकतो आणि इंग्लिश हॉर्न नावाचे, दुहेरी पातीचे, म्हणजे आपल्या सनईच्या दूरच्या नात्यातले एकच वाद्य एक सुरावट उचलते. ही सुरावट जवळजवळ पूर्णतः पाच सुरांत फिरते आणि ते पाच सूर आपल्या भूपाचेच आहेत. द्वोर्झाकने भूप रचला असे म्हणण्याचा वेडेपणा कोणी करू नये. परंतु सिंफनी कधी न ऐकलेल्या मराठी माणसालाही ही चाल परकी का वाटत नाही, याचे एक कारण येथे असावे.

ही सुरावट ऐकून जगभरचे रसिक डोळे पुसतात. कोणाच्या दुःखाने? रसास्वादाच्या पुस्तकांत हा प्रश्न विचारण्याची रीत नाही. तेथे करुण हा एक रस असतो, त्याला मालक नसतो, गाव नसते, जात नसते. आम्ही मात्र तो विचारला पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. गुलामाचे दुःख ही लांबच्या देशातील बातमी नव्हे, ती आपल्या घरची गोष्ट आहे, हे त्या अर्पणपत्रिकेनेच आम्हाला शिकवले.

योगायोग असा की त्याच १८७३ साली त्या मुक्त गुलामांची काही मुले इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर गात होती. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे मुक्त कृष्णवर्णीयांसाठी १८६६ साली फिस्क विद्यालय निघाले. पाच वर्षांत ते कर्जात बुडाले. तेव्हा विद्यालयाचे खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थी-विद्यार्थिनींचे एक गायकपथक घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी देणग्यांसाठी दौरा सुरू केला. यांतील बहुतेक जण गुलामगिरीतच जन्मलेले होते. ‘फिस्क ज्युबिली सिंगर्स’ या नावाने हे पथक पुढे गाजले. ज्युबिली म्हणजे बायबलमधील ते पन्नासावे वर्ष, ज्या वर्षी गुलामांना सोडायचे असते.

पण हे पथक निघाले तेव्हा त्यांच्या कार्यक्रमात गुलामांची गीते जवळपास नव्हतीच. होती ती युरोपीय धाटणीची, सभ्य, गोऱ्या श्रोत्यांना रुचतील अशी गाणी. पथकाची संवादिनी म्हणावी अशी एला शेपर्ड, पियानो वाजवणारी, स्वतः गुलामगिरीत जन्मलेली, हिने पुढे लिहून ठेवले आहे की ही गीते त्या मुलांच्या आईबापांना पवित्र होती, आणि त्याच वेळी ती गुलामगिरीच्या काळोखाशी जोडलेली होती. ती आपसांत हलक्या आवाजात म्हणायची. चारचौघांत म्हणायचे स्वप्नातही नव्हते. त्याच हिवाळ्याच्या तोंडी ओहायोमधील ओबर्लिन येथे धर्मोपदेशकांच्या एका परिषदेत त्यांनी दबक्या सुरात असे एक गीत म्हटले आणि सारी सभा स्तब्ध झाली. पुढे याच गीतांनी फिस्कचे कर्ज फिटले व ‘ज्युबिली हॉल’ ही इमारत उभी राहिली.

ही लाज समजून घ्यायला आम्हाला कोणाच्या भाष्याची गरज नाही. आपल्याकडे मेलेली जनावरे ओढणे सोडताना, गावकीची कामे नाकारताना कितीतरी गावांत वाजवणेही सोडले गेले. दुसऱ्याच्या वरातीपुढे, दुसऱ्याच्या देवापुढे वाजवायचे आणि भाकरीसाठी उभे राहायचे तर ते वाद्य फेकलेलेच बरे. ज्यांनी ते फेकले त्यांच्यावर आज काही मंडळी ‘लोककला मारली’ म्हणून हळहळतात. हळहळणाऱ्यांपैकी कोणाच्या बापाने ते गळ्यात अडकवले होते? फिस्कच्या मुलांची लाज आणि आमच्या माणसांचा नकार या एकाच झाडाच्या फांद्या आहेत. फरक एवढाच की तेथे गीते टिकली, आणि ती कशी टिकली व त्यांचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

हॅमिल्टन वॉटर्स हा मेरीलँड राज्यातील एक गुलाम. १८३२ साली त्याने स्वतःचे व आपल्या आईचे स्वातंत्र्य पैसे मोजून विकत घेतले व पुढे तो पेनसिल्व्हेनियातील ईरी या गावी येऊन राहिला. त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. गावातील रस्त्यांवरचे दिवे लावण्याचे काम तो करी. संध्याकाळी नातवंडांचा हात धरून एकेक दिवा लावत जाताना तो गुलामवस्तीत ऐकलेली गाणी म्हणे. जो स्वतः नीट पाहू शकत नाही त्याने गावाला उजेड द्यायचा, असे एखाद्या कथालेखकाने लिहिले असते तर आम्ही त्याला कृत्रिम म्हणालो असतो. त्या नातवंडांपैकी एक हॅरी बर्ली, जन्म २ डिसेंबर १८६६. त्याची आई शिकलेली होती, भाषा जाणणारी होती; तरी तिला शाळेत काम मिळाले ते झाडलोटीचे. शहरातील एका श्रीमंत बाईंच्या घरीही ती काम करी. त्या घरी मोठमोठे पियानोवादक येत. असे सांगतात की एकदा हॅरी बर्फात उभा राहून खिडकीबाहेरून गाणेबजावणे ऐकत राहिला आणि आजारी पडला. तेव्हा आईने मालकिणीला विनवून त्याला दार उघडणाऱ्या नोकराचे काम मिळवून दिले. दाराशी उभे राहून का होईना, ऐकायला मिळावे म्हणून!

न्यूयॉर्कमध्ये जेनेट थर्बर या बाईंनी १८८५ साली ‘नॅशनल कॉन्झर्व्हेटरी’ हे संगीत विद्यालय काढले होते. स्त्रियांना, अपंगांना आणि कृष्णवर्णीयांना तेथे मज्जाव नव्हता, गरिबाला फी नव्हती. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हे. १८९२ च्या आरंभी बर्ली या विद्यालयात दाखल झाला तेव्हा तो पंचविशीचा होता. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तो थोडक्यात उतरला होता. विद्यालयाच्या निबंधक मिसेस मॅकडॉवेल यांनी मध्ये पडून त्याला जागा मिळवून दिली. याच बाईंना त्याने पूर्वी ईरीच्या त्या घरात पाहुण्या म्हणून पाहिले होते. दारवानाची ओळख कामी आली. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात वर्षाला १५,००० डॉलर पगारावर संचालक म्हणून आला द्वोर्झाक.

द्वोर्झाक हा कोणी सरदार घराण्यातला नव्हे. १८४१ साली बोहेमियातील एका खेड्यात, खाटीकव्यवसाय करून खानावळ चालवणाऱ्याच्या घरी तो जन्मला. तरुणपणी बरीच वर्षे नाटकगृहाच्या वाद्यवृंदात तो व्हियोला वाजवत होता. त्याचा देश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, दरबारची भाषा जर्मन होती. त्याच्या जर्मन प्रकाशकाने मुखपृष्ठावर त्याचे नाव जर्मन वळणाने छापावे आणि याने ते चेक वळणाने छापण्याचा आग्रह धरावा, यावरून दोघांत खटके उडाले आहेत. नावावरून होणारा अपमान त्याला ठाऊक होता. म्हणून त्याचे कान बर्लीच्या गाण्याकडे वळले असतील, असे मला वाटते. पण त्याचा अनुभव म्हणजे गुलामाचा अनुभव नव्हे, हेही सांगून ठेवले पाहिजे.

बर्ली हा द्वोर्झाकच्या रचनावर्गातला विद्यार्थी नव्हता. तो गायन शिकत होता, विद्यालयाच्या वाद्यवृंदात डबल बास व टिंपनी वाजवत होता आणि खर्च भागवण्यासाठी स्वरलिपीच्या नकला करणे, पडेल ते काम करणे असे चालले होते. द्वोर्झाक त्याला घरी बोलावी आणि आजोबांची गाणी म्हणायला लावी. मध्येच थांबवून विचारी, गुलाम हे असेच म्हणत का? बर्लीने पुढे अनेकदा सांगितले आहे की द्वोर्झाकने या गीतांत स्वतःला बुडवून घेतले आणि मगच स्वतःच्या सुरावटी रचल्या. सिंफनीच्या पहिल्या भागात बासरीवर येणारी एक सुरावट एका प्रसिद्ध स्पिरिच्युअलशी, म्हणजे गुलामांच्या भक्तिगीताशी, इतकी मिळतीजुळती आहे की साध्या कानालाही ते कळते.

२१ मे १८९३ रोजी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने द्वोर्झाकचे मत ठळकपणे छापले: या देशाचे भावी संगीत निग्रो गीतांच्या पायावर उभे राहिले पाहिजे, थोर संगीताला लागणारे सारे त्यांत आहे. तीन दिवसांनी, २४ मे रोजी, त्याने सिंफनी पुरी केली. ज्या देशात हे मत छापले गेले त्या देशात आदल्याच वर्षी, टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार, १६१ कृष्णवर्णीयांना जमावांनी ठार मारले होते. हे दोन आकडे, २१ मे आणि १६१, एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय ‘लार्गो’चा इतिहास सांगता येत नाही.

बोस्टनचे संगीतपंडित या मताने चिडले. कोणी म्हणाले संगीताला वंश नसतो, कोणी म्हणाले कला वैश्विक असते, कोणी म्हणाले या गीतांवरून अमेरिकेची ओळख ठरवणे हास्यास्पद आहे. वाचकांना हा सूर ओळखीचा वाटेल. साहित्याला जात नसते, दुःख हे दुःखच असते, वेगळी चूल कशाला, हे आपणही पुष्कळ ऐकले आहे. वैश्विकतेची आठवण नेमकी तळातला माणूस बोलू लागला की होते.

१६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये आन्तोन झायडल यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ही सिंफनी सादर केली. ‘लार्गो’ संपताच टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बसलेल्या द्वोर्झाकला उठून अभिवादन करावे लागले.

आता वादाचा मुद्दा. ‘लार्गो’ची चाल गुलामांच्या गीतावरून उचललेली आहे काय? नाही. असे कोणतेही जुने गीत दाखवता आलेले नाही. चाल द्वोर्झाकची आहे. त्याने स्वतः या भागाचा संबंध लाँगफेलो या गोऱ्या कवीच्या ‘हायावाथा’ या दीर्घकाव्याशी जोडला होता, जे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या दंतकथांवर रचलेले आहे. १९०० साली एका संचालकाला लिहिलेल्या पत्रात तर त्याने निग्रो वा इंडियन चाली वापरल्याची गोष्ट सरळ खोटी ठरवली; आपण फक्त त्या गीतांच्या वृत्तीने लिहिले, असे त्याचे म्हणणे. शिवाय निग्रो संगीत आणि मूळ रहिवाशांचे संगीत जवळपास एकच, असेही तो म्हणून गेला होता, आणि ते अज्ञानच होते. मूळ रहिवाशांच्या वाट्याला या साऱ्या गौरवात एका गोऱ्या कवीच्या ओळींपलीकडे काही आले नाही.

तर मग ऋण कशाचे? चोरीचा आळ घेणारे आणि ऋण नाकारणारे, दोघेही हिशेब चालीच्या सुरांनी करतात. सूर द्वोर्झाकचे आहेत हे मान्य. पण कोणते दुःख किती थांबून, किती साधेपणाने, किती कमी सुरांत सांगायचे, हे त्याला कोणी ऐकवले? ते एका आंधळ्या दिवेलावणाऱ्याने नातवाला ऐकवले होते आणि नातवाने एका संध्याकाळी पियानोजवळ उभे राहून परक्या देशातून आलेल्या संचालकाला ऐकवले. स्वरलिपीत त्या माणसाची सही कोठे करायची, याची सोय पाश्चात्त्य संगीताने केलेली नाही. आपल्या घराण्यांनी तरी कोठे केली आहे?

द्वोर्झाकच्या प्रामाणिकपणाचे एक उदाहरण मात्र नोंदवले पाहिजे. २३ जानेवारी १८९४ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या संगीतगृहात गरिबांच्या कपड्यांच्या निधीसाठी एक कार्यक्रम झाला. त्यात विद्यालयाचे विद्यार्थी व सेंट फिलिप चर्चचे कृष्णवर्णीय गायकवृंद होते, सिसिरेटा जोन्स ही त्या काळची मोठी कृष्णवर्णीय गायिका रॉसिनीच्या ‘स्टाबाट माटेर’मधील भाग गायली, आणि एका अमेरिकन गाण्याची द्वोर्झाकने केलेली मांडणी तिने व बर्लीने सादर केली. संचालक स्वतः द्वोर्झाक. मात्र १८९३ च्या आर्थिक मंदीत थर्बर बाईंचे हात आखडले, पगार थकू लागला आणि १८९५ साली द्वोर्झाक मायदेशी परतला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात वेगळ्या डब्यांना कायद्याचे शिक्कामोर्तब दिले.

‘लार्गो’चे पुढे एक विलक्षण झाले. द्वोर्झाकचाच एक शिष्य, विल्यम आर्म्स फिशर हा गोरा गृहस्थ. त्याने १९२२ साली त्या चालीवर घरी परतण्याविषयीचे शब्द बसवले, तेही कृष्णवर्णीयांच्या बोलीचा भास होईल असे. गाणे इतके पसरले की लोक त्यालाच जुने स्पिरिच्युअल समजू लागले, आणि द्वोर्झाकने ते उचलले असे सांगू लागले. म्हणजे गुलामांचे ऐकून चेकाने रचले, चेकाच्या चालीवर गोऱ्याने शब्द लिहिले, आणि ते गुलामांच्या नावावर जमा झाले! १३ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथून अध्यक्ष रूझवेल्ट यांचे शव नेले जात असताना तटरक्षक दलाच्या गणवेशातील ग्रॅहम जॅक्सन हा कृष्णवर्णीय वादक अकॉर्डियनवर हीच चाल वाजवत होता. गालांवरून ओघळणाऱ्या अश्रूंसह त्याचे छायाचित्र ‘लाइफ’ साप्ताहिकात आले आणि अमर झाले. राष्ट्राला आपला शोक दाखवण्यासाठी एका काळ्या माणसाचे अश्रू चालले. त्याच जॉर्जियात त्या माणसाला गोऱ्यांच्या डब्यात बसता येत नव्हते.

आणि बर्ली? १८९४ साली न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये एकल गायकाच्या जागेसाठी साठेक उमेदवारांत तो एकटाच कृष्णवर्णीय होता. चर्चमध्ये कुरबुर झाली, पण त्याची निवड झाली आणि १९४६ पर्यंत, बावन्न वर्षे, तो तेथे गायला. स्पिरिच्युअल गीतांना पियानोची साथ लिहून ती एकल गायकांसाठी त्याने छापली. १९१७ च्या सुमारास त्याच्या ‘डीप रिव्हर’च्या मांडणीने मैफलींत या गीतांना पक्की जागा मिळाली. छापील प्रतींना जोडलेल्या टिपणात त्याने गायकांना बजावले आहे की या गीतांना ‘मिन्स्ट्रल’ समजू नका, अंग हलवून, नकला करून ती म्हणू नका. गोऱ्यांनी तोंडाला काळे फासून काळ्यांची टिंगल करायची, त्या खेळाला मिन्स्ट्रल म्हणत.

बर्लीवर टीका झाली ती आपल्याच माणसांकडून, आणि ती हलकी नव्हती. १९३४ साली झोरा नील हर्स्टन या लेखिकेने लिहिले की मैफलीत गायली जाणारी ही गीते खरी स्पिरिच्युअल नव्हेतच. खरे गीत समूहाचे असते, दर वेळी नवे होते, त्यात खरखर असते, श्वासाचा आवाज असतो. कोटटाय घालून ते म्हटले की दुसरेच काही होते. या टीकेत तिने बर्लीचे नाव घेतले आहे. हर्स्टनचे म्हणणे खरे आहे. पण ज्याच्या आईला शाळेत झाडू मिळाला त्या माणसाने आजोबांचे गाणे बेटोव्हेनच्या शेजारी उभे करण्याचा हट्ट धरला, तर त्याला नुसते अनुकरण म्हणता येणार नाही. मला हर्स्टन पटते आणि मी बर्लीच्या बाजूने उभा राहतो.

या गीतांना ‘दुःखगीते’ म्हटले ते ड्यू बॉइस यांनी. फिस्कमध्येच शिकलेल्या या विचारवंताने १९०३ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एका गीताची स्वरलिपी छापली आणि शेवटचे प्रकरण त्या गीतांवरच लिहिले. याच ड्यू बॉइस यांना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निग्रोंच्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. पत्रव्यवहार अर्जाविषयी आहे, गाण्याविषयी नाही. दुःखाचे गाणे झाले तरी अर्ज लिहावाच लागतो, हे दोघेही जाणत होते.

९ एप्रिल १९३९, ईस्टरचा रविवार. मॅरियन अँडरसन या गायिकेला वर्णामुळे वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गाऊ दिले गेले नाही, म्हणून ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली. समोर ७५,००० माणसे होती. शूबर्ट झाला, मग बर्लीच्या मांडणीतले एक स्पिरिच्युअल झाले, आणि छापील कार्यक्रमातील शेवटची मांडणी होती फ्लोरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय स्त्रीची.

प्राइस बाईंचा जन्म १८८७ चा, आर्कान्सॉ राज्यातील लिटल रॉकचा. तेथील संगीतशिक्षकांच्या संघटनेने वर्णामुळे त्यांना सभासदत्व नाकारले. द्वोर्झाकची सिंफनी ‘ई मायनर’मध्ये आहे, प्राइस यांची पहिली सिंफनीही त्याच स्वरपीठावर आहे, आणि ती १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी एखाद्या मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदाने वाजवण्याची ही पहिली वेळ. द्वोर्झाकचे भाकीत ज्यांनी खरे करायचे त्यांपैकी ही एक. १९५३ साली त्या वारल्या आणि त्यांचे बरेचसे लेखन बेपत्ता झाले. २००९ साली इलिनॉयमधील सेंट अ‍ॅन या गावी, झाड पडून छप्पर फुटलेल्या एका ओसाड घरात नव्या मालकांना कागदांचे गठ्ठे मिळाले. त्यांत दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो होते, आणि चौथी सिंफनी होती. ती पहिल्यांदा वाजली २०१८ साली, आर्कान्सॉमधल्या फोर्ट स्मिथ येथे. प्राइस बाईंना जाऊन तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती.